युगांच्या सीमा आणि पैनगंगेचे खोरे

जगाच्या इतिहासाचे प्राचीन, मध्ययुगीन आणि आधुनिक असे तीन भाग पाडण्याची पद्धत सतराव्या शतकाच्या अखेरीस क्रिस्टोफ सेलारियस या जर्मन प्राध्यापकाच्या पाठ्यपुस्तकांनी रूढ केली. इ.स. 476 मध्ये पश्चिम रोमन साम्राज्य कोसळले तेव्हा प्राचीन काळ संपला आणि 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती गेले तेव्हा मध्ययुग संपले, असा पुढे रूढ झालेला हिशेब. पुढे त्यात 1492 ची कोलंबसाची सफर आणि 1789 ची फ्रेंच राज्यक्रांती यांची भर पडली. भारताच्या इतिहासाचे हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश असे तुकडे जेम्स मिलने 1817 साली पाडले. त्याने भारत कधी पाहिलाही नव्हता. शाळेच्या पुस्तकांतली कालपट्टी आजही बरीचशी याच मापांवर उभी आहे.

ही मापे टाकाऊ नाहीत, पण ती जिथे बनली तिथलीच आहेत. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या दक्षिण काठावर असलेल्या किनवटमधून हाच इतिहास पाहिला तर वळणे बदलतात, काहींच्या तारखा सरकतात आणि काही वळणे तर नव्यानेच दिसू लागतात. एका बाजूला वऱ्हाड, दुसऱ्या बाजूला तेलंगणाचे आदिलाबाद, मधे सागवानाचे डोंगर आणि बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी व बंजारा बोली, असा हा मुलूख आहे. राजधान्यांपासून तो कायम लांब राहिला. तरीही जगातल्या मोठ्या उलथापालथींपैकी फारच थोड्या त्याला न शिवता गेल्या.

पहिले वळण माणसाच्याही आधीचे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. त्या काळ्या खडकाची पूर्वेकडची कड याच पट्ट्यात येते. कडेपलीकडे किनवट-आदिलाबाद भागात त्याहून कैक पटींनी जुने चुनखडीचे खडक उघडे पडलेले दिसतात. भूवैज्ञानिकांनी त्यांना नदीवरूनच पैनगंगा गट असे नाव दिले आहे. काळ्या जमिनीवर कापूस आणि ज्वारी, डोंगरावर साग, ही इथली विभागणी या खडकांपासून सुरू होते.

पाषाणयुग, कांस्ययुग, लोहयुग ही क्रमवारी कोपनहेगनच्या संग्रहालयातल्या वस्तूंची मांडणी करताना क्रिस्टियन थॉमसेनने बसवली. त्याचे त्यावरचे पुस्तक 1836 सालचे. महाराष्ट्रात ती जशीच्या तशी लागू पडत नाही. दायमाबाद, इनामगाव, जोर्वे इथे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात शेतकरी वस्त्या होत्या. तिथे तांबे होते, पण रोजच्या कामाला दगडाचीच पाती वापरात होती. नंतर लोखंड आले. नागपूरजवळ नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीच उत्खननात मिळाली आहे. मात्र लोखंडाचा नांगर आला म्हणून आधीची जीवनपद्धती नाहीशी झाली नाही. किनवट-आदिलाबादच्या डोंगरांत कोलामांची फिरती शेती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चालू होती. खाली काळ्या जमिनीत बैलांचा नांगर आणि वर उतारावर जंगल साफ करून केलेली पेरणी, दोन्ही एकाच वर्षी, एकाच पावसावर. युगे एकामागून एक येतात हे कालपट्टीवर खरे असते. जमिनीवर ती पुष्कळदा शेजारी शेजारी नांदतात.

इसवी सनापूर्वीच्या सहाव्या-पाचव्या शतकांत भारतात बुद्ध आणि महावीर, चीनमध्ये कन्फ्यूशियस, ग्रीसमध्ये तत्त्वज्ञ असे एकाच सुमारास उभे राहिले. या कालखंडाला कार्ल यास्पर्स या जर्मन विचारवंताने मानवी इतिहासाचा आस म्हटले. त्या काळच्या सोळा महाजनपदांपैकी विंध्याच्या दक्षिणेला एकच होते, ते म्हणजे गोदावरीकाठचे अश्मक. त्याची राजधानी नांदेडच्या सीमेलगतचे आजचे बोधन असावे, असे अभ्यासक मानतात. सुत्तनिपात या पाली ग्रंथात गोदावरीच्या काठी राहणाऱ्या बावरी नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. त्याचे सोळा शिष्य बुद्धाला प्रश्न विचारण्यासाठी पैठण, माहिष्मती, उज्जयिनी असे करत उत्तरेला जातात. नव्या विचारांची बातमी गोदावरीपर्यंत पोचली होती, एवढे तरी त्यातून दिसतेच.

पुढे सातवाहनांच्या काळात बातमीबरोबर मालही जाऊ लागला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या दर्यावर्दींसाठीच्या एका ग्रीक वाटाड्या ग्रंथात भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर, अशी नोंद आहे. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. इटलीत पाँपेई हे शहर इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. 1938 साली तिथल्या एका घरात भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असणाऱ्या मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. मराठवाडा जगाच्या व्यापारात होता याला यापेक्षा बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही.

आता ते 476 साल. युरोपच्या कालपट्टीवर इथे प्राचीन जगावर पडदा पडतो. मराठवाड्यात मात्र त्या सुमारास वाकाटक राजा हरिषेणाची सत्ता होती आणि अजिंठ्याच्या डोंगरात छिन्नी व कुंचला एकत्र चालत होते. त्याचा मंत्री वराहदेव याने तिथले सोळावे लेणे खोदवले. त्याचा शिलालेख तिथेच आहे. हरिषेणाचे घराणे वाशीमचे, म्हणजे किनवटचे जवळजवळ शेजारीच. त्या घराण्यातल्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात नांदिकट या प्रदेशाचे नाव येते, तेच आजचे नांदेड. रोम पडत असताना पैनगंगेच्या आसपासची संस्कृती ऐन भरात होती. 476 ला जगाचे वळण म्हणणाऱ्या पुस्तकात हे वाक्य असायलाच हवे.

नंतरच्या शतकांचा डाव बगदाद, चीन आणि दख्खन यांच्यात होता. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे, म्हणजे लातूरचे अधिपती म्हणवत, आणि नांदेड जिल्ह्यातले कंधार हे त्यांचे मोठे ठाणे होते. नवव्या शतकात अरब प्रवाशांनी जगातल्या चार थोर राजांची यादी दिली तेव्हा खलिफा, चीनचा सम्राट आणि पूर्व रोमन सम्राट यांच्यासोबत चौथा राजा त्यांनी बल्हारा म्हणून नोंदवला. तो राष्ट्रकूट वल्लभराज. युरोपला अंधारयुग म्हणून आठवणारा हा काळ लातूर-कंधारच्या अंगणात वैभवाचा होता.

खरा हादरा तेराव्या शतकात बसला आणि त्याची कळ मध्य आशियात होती. मंगोलांनी 1258 साली बगदाद उद्ध्वस्त केले. त्यांच्या टोळ्या वायव्य सीमेवर धडका देत असल्याने दिल्लीच्या सुलतानांना मोठी फौज पोसणे भाग होते, आणि फौजेला पैसा हवा होता. अल्लाउद्दीन खलजी 1296 मध्ये देवगिरीवर चालून आला तो लुटीसाठी. त्या लुटीच्या जोरावर त्याने दिल्लीचे तख्त मिळवले आणि दक्षिणेची वाट कायमची उघडी झाली. 1318 पर्यंत यादव राज्य संपले, 1347 मध्ये बहमनी सत्ता उभी राहिली. याच काळाच्या तोंडावर मराठी भाषा ग्रंथांत आणि दगडावर स्थिरावली होती. लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी यादवांच्या अखेरच्या पिढीत झाल्या. किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी यादवकालीन शिलालेख आहे. किनवटशेजारचे दत्तात्रेयाचे माहूर महानुभाव पंथाच्या पाच अवतारस्थानांत आधीच गणले जात होते. सत्ता बदलली, पण माहूरचे महत्त्व उलट वाढले. बहमनी वजीर महमूद गवान याने मोठे प्रांत तोडून लहान केले तेव्हा वऱ्हाडचे दोन भाग झाले, एक गाविलगड आणि दुसरा माहूर. ऐन-इ-अकबरीतही वऱ्हाड सुभ्यात माहूर सरकारची नोंद आहे. शिवाजी महाराजांच्या काळात उंबरखिंडीत मोगलांच्या बाजूने आलेली रायबागन ही माहूरच्याच उदाराम घराण्यातली.

1453 आणि 1492 या तारखा मात्र किनवटला लढाईच्या रूपाने नव्हे, ताटातून पोचल्या. तुर्कांच्या वर्चस्वामुळे पूर्वेच्या मालासाठी समुद्रवाट शोधण्याची युरोपीयांची निकड वाढली, कोलंबस अमेरिकेला लागला, 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेची पिके हिंदुस्थानात आली. मिरची, मका, भुईमूग, तंबाखू, सीताफळ, पेरू, टोमॅटो, बटाटा ही सगळी त्या वळणानंतरची. त्याआधी मराठी स्वयंपाकात तिखटपणा मिरे, पिंपळी आणि सुंठीचा होता. आज किनवटच्या आठवडी बाजारात बसून एखाद्या मजुराची शिदोरी पाहावी. ज्वारी आफ्रिकेतून हजारो वर्षांपूर्वी आलेली, मिरची आणि शेंगदाणा अमेरिकेतून चार-साडेचारशे वर्षांत आलेले, लसूण मध्य आशियातला. भाकरी आणि ठेचा हे या मातीचे सर्वांत आपले अन्न; त्यात तीन खंडांचा इतिहास आहे. डोंगरातल्या सीताफळांकडे पाहून ते झाड इथले नव्हे असे कुणाच्या मनातही येत नाही. कुठल्याही राजाच्या विजयापेक्षा हे वळण घराघरांत जास्त खोल गेले आहे.

अठराव्या शतकातली दोन वळणे नांदेड-लातूरच्या भूमीवरच घडली. गुरू गोविंदसिंग यांचे 7 ऑक्टोबर 1708 रोजी नांदेडला निर्वाण झाले. त्यांनी गुरुपद गुरू ग्रंथसाहिबाकडे सोपवले आणि इथूनच बंदा बहादूरला पंजाबकडे पाठवले. पंजाबच्या इतिहासाचा एक मोठा अध्याय गोदावरीकाठी सुरू होतो तो असा. दुसरे वळण लातूर जिल्ह्यातल्या उदगीरचे. फेब्रुवारी 1760 मध्ये सदाशिवराव भाऊंनी तिथे निजामाचा पराभव केला. त्या विजयात इब्राहिमखान गारद्याच्या कवायती फौजेचा आणि तोफांचा मोठा वाटा होता. हा गारदी फ्रेंच सेनानी बुसीच्या पद्धतीत तयार झालेला होता. इंग्रज आणि फ्रेंच तेव्हा युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान अशा तीन खंडांत सात वर्षांचे युद्ध लढत होते. त्याच युद्धतंत्रावर भरवसा ठेवून मराठी फौज उदगीरहून उत्तरेला निघाली आणि 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर उभी राहिली.

1818 मध्ये पेशवाई बुडाली, ही तारीख प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. निजामाच्या मुलखात मात्र लगेच पुढच्या जानेवारीत, 1819 साली, हदगावकडच्या नोव्हा गढीत नोवसाजी नाईक आणि त्याचे हटकर सैनिक निजामाच्या फौजेशी झुंजत होते. ही लढाई फारशी पाठ्यपुस्तकांत नाही. ती असायला हवी.

किनवटच्या दृष्टीने एकोणिसाव्या शतकातले सर्वांत मोठे वळण 1857 नसून 1853 आहे. त्या वर्षी कर्जापोटी आणि फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि पैनगंगा ही दोन राज्यकारभारांची सीमा झाली. उत्तर काठावर उमरखेड-पुसद इंग्रजी अमलात गेले, तर दक्षिण काठावर किनवट निजामाकडे राहिले. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. 1867 पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. जमिनीची मोजणी, सरकी काढण्याचे कारखाने आणि सावकाराचे नवे कर्ज हे सगळे त्या काठावर आले. या काठावर जहागिरी होत्या आणि दफ्तराची भाषा आधी फारसी, मग उर्दू. नांदेडला रेल्वे पोचायला विसावे शतक उंबरठ्यावर यावे लागले; किनवटचा लोहमार्ग त्याच्याही नंतरचा. एका नदीचे दोन काठ जवळपास शंभर वर्षे दोन वेगळ्या काळांत राहिले. मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा पावसाच्या आकड्यांवरून सुरू होते. ती या शंभर वर्षांवरून सुरू व्हायला हवी.

डोंगरातल्या गोंड आणि कोलामांवर आधुनिक काळ आला तो राखीव जंगल आणि जमिनीचा पट्टा या दोन रूपांत. 1857 च्या उठावाच्या लाटेत लढलेल्या रामजी गोंडाला 1860 मध्ये शेजारच्या निर्मल येथे फाशी दिले गेले. 1905 मध्ये आदिलाबाद जिल्हा झाला आणि किनवट त्यात एक तालुका होता. नव्या कायद्याने जमीन कागदावर ज्याचे नाव त्याची ठरली. कागद वाचता येणारे बाहेरून आले, आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगल कसणारे स्वतःच्या शिवारात अतिक्रमण करणारे ठरले. 1940 मध्ये जोडेघाट येथे गोंडांचा पुढारी कुमरम भीम आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले.

इथे दुसरे महायुद्ध एका अनपेक्षित वाटेने आले. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ 1939 मध्ये हिंदुस्थानात होता. ऑस्ट्रिया हिटलरने गिळंकृत केलेला, त्यामुळे त्याचे पारपत्र जर्मन. युद्ध सुरू होताच तो इंग्रजांच्या लेखी शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला आणि हैदराबाद संस्थानाबाहेर पडण्यास त्याला मनाई झाली. ती वर्षे त्याने संस्थानातल्या आदिवासींमध्ये काढली. जोडेघाटनंतर निजाम सरकारने त्यालाच गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधायला सांगितले. त्याचे अहवाल 1945 मध्ये प्रसिद्ध झाले. जमीन कशी गेली, जंगल खात्याने गावे कशी उठवली हे त्यांत निःसंदिग्ध लिहिले आहे. 1943 मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे केंद्र निघाले. निजामाच्या दफ्तरातल्या फसली सनाच्या 1356 चा, म्हणजे 1946 सालचा आदिवासी क्षेत्र विनियम हे या कामाचेच फळ. याच काळात हैदराबादच्या मुलकी सेवेतले सेतुमाधवराव पगडी, जन्माने निलंग्याचे, आदिलाबादच्या गोंडांत वावरले, गोंडी शिकले आणि त्यांनी गोंडीचे व्याकरण लिहिले. मराठी वाचक पगडींना शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. त्यांचे हे काम तेवढ्याच मोलाचे आहे.

15 ऑगस्ट 1947 ही तारीखही किनवटला उशिराच लागू झाली. त्या दिवशी वऱ्हाडच्या काठावर तिरंगा चढला आणि किनवटच्या काठावर निजामाचा अंमल कायम राहिला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा लढा उमरखेडसारख्या सीमेपलीकडच्या छावण्यांच्या आधाराने चालला. 30 जानेवारी 1948 रोजी स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्याचे स्वातंत्र्य देशाच्या स्वातंत्र्यानंतर 399 दिवसांनी आले. 1949 मध्ये जहागिरी गेल्या. 1950 चा हैदराबाद कूळ कायदा आला. मराठवाड्यातले कुळांचे दावे आजही त्याच स्वतंत्र कायद्याखाली चालतात.

शेवटचे मोठे वळण 1956 चे. भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. 1 नोव्हेंबरला आदिलाबाद जिल्हा आंध्रात गेला. पण त्यातला किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ कायद्याने मुंबई राज्यात टाकले. किनवट नांदेडला जोडले गेले आणि राजुरा पुढे चांदा जिल्ह्यात गेले. पूर्वी सीमा असलेली पैनगंगा राज्याच्या पोटात आली आणि पूर्वी एक असलेल्या डोंगरातून नवी सीमा गेली. सोयरीक दोन्हीकडे, देवस्थाने दोन्हीकडे, कायदे मात्र वेगळे. बंजारा समाज 1976 च्या दुरुस्तीनंतर पलीकडे तेलंगणात अनुसूचित जमातीत आहे आणि इकडे महाराष्ट्रात विमुक्त जातींत. किनवट तालुक्यातली आदिवासी गावे 1985 च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आली. जंगल कसणाऱ्याचा हक्क कायद्याने मान्य व्हायला 2006 साल उजाडले.

यामुळे किनवटच्या एखाद्या कुटुंबाला जमातीच्या दाखल्यासाठी 1950 पूर्वीचा पुरावा लागला की शोध नांदेडच्या दफ्तरात संपत नाही. किनवट तेव्हा आदिलाबादमध्ये होते, कागद उर्दूत आहेत आणि साल फसलीत आहे. त्यात 590 मिळवले की साधारण इसवी सन निघतो. निजामकालीन दफ्तराचा मोठा साठा हैदराबादला तारनाका येथील राज्य अभिलेखागारात आहे. घरच्या पेटीत जुना पट्टा, पावती, शाळेचा दाखला किंवा उर्दू-मोडीतला कुठलाही कागद असेल तर तो वाचता येत नाही म्हणून टाकून देऊ नये. कोरड्या जागी ठेवावा, त्याची प्रत काढून घ्यावी आणि उर्दू किंवा मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावा.